बीप वाजला की हात आधी पळतो

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोललेलं बहुतेक तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि "म्हणजे म्हणजे" काढून टाकलंय.)

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा. मी आता एक अलर्ट वाजवणार आहे.

(फोनवरचा अलर्ट वाजतो.)

दचकलात ना? मी स्वतः वाजवला, वाजणार हे माहीत होतं, तरी माझ्या छातीत धस्स झालं. कारण हा माझ्या ऑन-कॉलचा आवाज आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे प्रत्येक इंजिनिअरची आठवडाभराची पाळी असते. त्या आठवड्यात रात्री सिस्टिममध्ये काही बिघडलं की फोन तुमचा वाजतो, आणि उठून तुम्हीच बघायचं.

आजचा विषय आहे इशारा. बीप, भोंगा, शिट्टी, लाल दिवा, काहीही. इशारा मिळाल्यावर आपल्या डोक्यात नेमकं काय होतं? आपण सावध होतो, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण सावध झालेला माणूस योग्य तेच करतो का? इथे गोष्ट जरा गमतीची आहे. माझ्यासाठी ती फार गमतीची नव्हती, म्हणून आधी माझीच फजिती सांगतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे पावणेतीन. हाच आवाज. मी उठलो, लॅपटॉप उघडला. आमचं सॉफ्टवेअर हॉस्पिटलांच्या बिलिंग काउंटरवर चालतं. त्याचा एक मुख्य डेटाबेस आहे आणि एक त्याची प्रत, म्हणजे मुख्य पडला तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली जोडीदार. अलर्ट प्रतीबद्दल होता, ती मागे पडत होती. उपाय सोपा, प्रतीवरची सर्व्हिस रीस्टार्ट करायची. मी हे आधी चार-पाच वेळा केलेलं होतं.

माझ्या स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या. शेजारी शेजारी, एकाच फाँटमध्ये. मशीनचं नावही सारखंच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. एका खिडकीत मुख्य, दुसरीत प्रत. मी कमांड टाइप केली, एंटर मारला, आणि साधारण अर्ध्या सेकंदात कळलं की मी चुकीच्या खिडकीत आहे.

मुख्य डेटाबेस पूर्ववत यायला १८ मिनिटं लागली.

आता तुम्ही म्हणाल, रात्री पावणेतीनला हॉस्पिटलात कोण बिल भरतंय? मला माहीत आहे कोण भरतंय. दोन वर्षांपूर्वी मम्मी ॲडमिट होती तेव्हा रात्री एक वाजता पप्पा हातात फाइल घेऊन असेच काउंटरला उभे होते. आतला माणूस सांगत होता, "काका, सिस्टिम स्लो आहे, थांबा." ते पाऊण तास थांबले. मम्मी आता ठणठणीत आहे. पण ती १८ मिनिटं मोजताना माझ्या डोळ्यांसमोर तो काउंटर होता. त्या रात्री कुठल्या गावात कोण फाइल घेऊन उभं होतं, ते मला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहिले गेले: मानवी चूक. मीच लिहिले. माझ्या टीम लीडने वाचलं आणि म्हणाली, "हे कारण नाहीये रे. हे तर फक्त तुझं नाव न घेता तुझं नाव लिहिणं झालं. असं का झालं ते शोध."

म्हणून मी वाचायला लागलो. मी काही मेंदूतज्ज्ञ नाही, बीटेक माणूस आहे. पण जे सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आधी एक छोटा प्रयोग करू. कागद घ्या, नाहीतर मनात चित्र काढा. एका ओळीत पाच बाण. तुम्ही फक्त मधल्या बाणाकडे बघायचं आणि तो डावीकडे आहे की उजवीकडे ते सांगायचं. बाजूच्या चारांशी काही देणंघेणं नाही. पाचही बाण उजवीकडे असतील तर काम सोपं. पण मधला उजवीकडे आणि बाजूचे चार डावीकडे असले की? उत्तर येतं, पण क्षणभर अडकतं. डोळ्यांना माहीत असतं की बाजूच्यांकडे लक्ष द्यायचं नाही, तरी ते हाताला आपल्याकडे ओढतात.

याला फ्लँकर चाचणी म्हणतात. फ्लँकर म्हणजे बाजूला उभे असलेले. बार्बरा आणि चार्ल्स एरिक्सन यांनी १९७४ मध्ये अशी चाचणी मांडली, तेव्हा त्यात बाण नव्हते, इंग्रजी अक्षरं होती. मेंदूत एकाच वेळी दोन उत्तरं तयार होतात आणि दोघांनाही हात हवा असतो. या ओढाताणीला आपण प्रतिसादातला संघर्ष म्हणू.

आता यात बीप टाकू. २००२ मध्ये जिन फॅन, मायकेल पोस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. तिचं नाव अटेन्शन नेटवर्क टेस्ट. स्क्रीनवर बाण यायच्या आधी कधी कधी एक खूण चमकायची, सेकंदाच्या दहाव्या भागापुरती. मग ०.४ सेकंद थांबून बाण. कधी कधी खूण यायचीच नाही, बाण अचानक. ४० लोकांवर त्यांनी हे करून बघितलं. खूण आधी मिळाली की उत्तर सरासरी ४७ मिलिसेकंदांनी लवकर यायचं. आणि बाजूचे बाण उलटे असले की उत्तर सरासरी ८४ मिलिसेकंदांनी उशिरा यायचं.

ती खूण फक्त "आता येतंय" एवढंच सांगायची. बाण डावा असेल की उजवा, याबद्दल चकार शब्द नाही. तरी वेग वाढला.

इथपर्यंत सगळं छान. इशारा मिळाला, माणूस चपळ झाला. मग उलट्या बाणांचा त्रासही इशाऱ्याने कमी व्हायला हवा ना? सावध माणसाला गोंधळ कमी व्हायला पाहिजे.

होतं उलटं. हा भाग वाचला तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. इशारा मिळाल्यावर सोप्या वेळी, म्हणजे सगळे बाण एका दिशेला असताना, वेगाचा फायदा भरपूर मिळतो. उलट्या बाणांच्या वेळी तेवढा मिळत नाही. म्हणजे सोपं आणि गोंधळाचं यांच्यातलं अंतर इशाऱ्यानंतर वाढतं. त्याच २००२ च्या आकड्यांत हे दिसलं होतं. पुढे २००४ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी चमकणाऱ्या खुणेऐवजी कानाला ऐकू येणारा बीप वापरला. तेव्हाही तेच. बीपनंतर बाजूच्या बाणांची ओढ जास्त जाणवली.

आणि चुकांचं काय? त्यासाठी अजून मागे जावं लागतं. १९७३ मध्ये पोस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की इशारा आणि काम यांच्यात अगदी थोडं अंतर असेल तर माणूस जलद उत्तर देतो, पण चुकाही जास्त करतो. त्यांनी काढलेला अर्थ मला फार पटला. इशाऱ्यामुळे माहिती गोळा व्हायचा वेग वाढत नाही. माहिती त्याच चालीने येत असते, आपण उत्तर मात्र लवकर देऊन टाकतो. कमी माहितीवर.

आमच्या भाषेत सांगायचं तर डाउनलोड तेवढाच स्लो आहे, पण आपण ८० टक्क्यांवरच फाइल उघडतोय.

मेंदूच्या आत काय चालतं ते थोडक्यात बघू. मानेच्या वर, मेंदूच्या देठात एक इवलासा पुंजका आहे. नाव लोकस सिरुलियस. लॅटिनमध्ये अर्थ होतो निळी जागा, कारण तो खरंच निळसर दिसतो. इशारा आला की हा पुंजका नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन मेंदूच्या मोठ्या भागात सोडतो. एखाद्याला निरोप द्यावा तसं हे नसतं, सोसायटीच्या स्पीकरवरून सगळ्यांना एकदम सांगावं तसं असतं. उठा, काहीतरी येतंय. काय येतंय ते स्पीकरवाल्यालाही माहीत नसतं.

यानंतर मेंदू वाट बघायला लागतो. १९६४ मध्ये ग्रे वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कवटीवर लावलेल्या तारांतून मोजलं. पहिला इशारा आणि नंतरची "आता कर" ही खूण, या दोघांच्या मधल्या वेळात मेंदूत विजेची एक संथ लाट चढत जाते. म्हणजे काम अजून आलेलंच नाही, आणि शरीर तयार होऊन बसलंय. धावण्याच्या शर्यतीत "सेट" म्हटल्यावर पाय कसे होतात, तसं.

दोन उत्तरांचं भांडण झालं की त्याची दखल घेणारा भाग वेगळा आहे. तो कपाळाच्या मागे, आतल्या बाजूला असतो. नाव अँटेरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स. "थांब, इथे दोन गोष्टी ओढतायत" अशी नोंद तिथे होते आणि मग मेंदूचा पुढचा भाग लगाम खेचतो. या लगामाला वेळ लागतो. आणि इशाऱ्याने नेमका तोच वेळ कमी केलेला असतो.

बीपनंतर ओढाताण का वाढते, याची संशोधकांकडे एकच एक फोड नाही. काही म्हणतात, इशाऱ्याने दिसलेल्या गोष्टीचं थेट कृतीत रूपांतर जलद होतं, त्यामुळे बाजूचे बाणही पटकन हातापर्यंत पोचतात. काही म्हणतात, इशाऱ्याने लक्षाचा झोत पसरतो. धोका कुठून येईल माहीत नसतं, म्हणून मेंदू आजूबाजूचं सगळंच आत घेतो. जंगलात हे बरोबरच आहे. झुडपात खसखस झाली की मधल्या बाणाकडे टक लावून बसणारा आपला पूर्वज टिकला नसता.

आता इथे थांबून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. ४७ मिलिसेकंद म्हणजे किती? पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. माझी १८ मिनिटं या ४७ मिलिसेकंदांवर ढकलता येणार नाहीत. मी झोपेतून उठलो होतो, त्याचाही वाटा होता. पण प्रयोगातली माणसं टक्क जागी होती, त्यांचं काही पणाला लागलेलं नव्हतं, आणि तरी त्यांच्यात ही ओढ दिसली. माझ्या स्क्रीनकडे मग मी नव्याने बघितलं. दोन सारख्या खिडक्या शेजारी शेजारी. मी स्वतःच्या हाताने स्वतःसाठी फ्लँकर चाचणी मांडून ठेवली होती, आणि वर रात्री पावणेतीनला भोंगा लावला होता.

यानंतरचा शहाणपणा पुस्तकातून आला नाही. तो भुसावळहून आला.

पप्पा लोको पायलट होते. मालगाडीवर. आता निवृत्त आहेत. दिवाळीला घरी गेलो तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. मला वाटलं म्हणतील, अरे होतं असं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"एंटर मारायच्या आधी तोंडाने बोलला होतास का?"

"काय बोलणार, पप्पा? खोलीत मी एकटाच होतो."

"मग काय झालं? आम्ही रोज बोलायचो."

मग त्यांनी सांगितलं. इंजिनमध्ये दोघं असतात, लोको पायलट आणि त्याचा सहायक. पुढे सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने पुकारायचं, हाताने दाखवायचं, आणि दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. "होम सिग्नल, प्रोसीड." "होम सिग्नल, प्रोसीड." दोघांनाही दिसतंय, तरी पुकारायचं. मी लहानपणी याची नक्कल करून हसायचो. जपानी रेल्वेत तर हे एकट्या माणसानेही करायचं असतं. बोट दाखवायचं आणि बोलायचं. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या एका गाजलेल्या चाचणीत, शंभर कृतींमागे होणाऱ्या चुका यामुळे २.३८ वरून ०.३८ वर आल्या होत्या.

यात जादू काही नाही. पुकारायला एक-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात डोळ्यांना मधला बाण नीट वाचता येतो आणि लगाम खेचणाऱ्याला पोचायला वेळ मिळतो.

मग पप्पांनी अजून एक किस्सा सांगितला. इंजिनात एक यंत्र असतं. ड्रायव्हरने ६० सेकंद काहीच केलं नाही तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, आणि तरीही हालचाल नाही झाली तर ब्रेक लागतो. माणूस जागा आहे की नाही ते बघायला. पप्पा म्हणाले, "रात्रीच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला काय होतं सांगू? हात आपोआप बटणावर जातो. डोकं कुठेतरी दुसरीकडेच असतं. बझरला हाताने उत्तर दिलेलं असतं, आपण नाही."

मी गप्प झालो. माझ्याशी नेमकं हेच झालं होतं. अलर्टला माझ्या हाताने उत्तर दिलं होतं.

"सिग्नलचं तसं नाही," ते पुढे म्हणाले. "पिवळा दिसला की तो फक्त 'सावध हो' म्हणत नाही. तो सांगतो, पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेव. काय करायचं आणि कुठे करायचं, दोन्ही. आणि त्यासाठी जागा देतो."

मला यावरून वडाळ्याचा प्रयोग आठवला. मुंबईत रूळ ओलांडताना माणसं मरतात, हे नवं नाही. २०१०च्या सुमारास फायनल माइल नावाच्या मुंबईतल्या सल्लागारांनी रेल्वेबरोबर वडाळ्याजवळ काही बदल करून बघितले. एक, काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी येताना ते झाकले जातात आणि वेगाचा अंदाज येतो. दोन, गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या घाबरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. आणि तीन, मोटरमनने एक लांबलचक हॉर्न देण्याऐवजी मध्ये शांतता ठेवून दोन छोटे हॉर्न द्यायचे. आवाज वाढवला नाही. आवाज, त्याची जागा आणि त्यासोबत मिळणारी माहिती, यावर काम केलं.

पुण्याला परत आल्यावर आम्ही टीममध्ये चार गोष्टी बदलल्या. पहिली, मुख्य डेटाबेसची खिडकी आता गडद लाल असते, आणि दोन्ही खिडक्या एकाच वेळी उघडायच्या नाहीत. बाजूचे बाणच काढून टाकले. दुसरी, मुख्य मशीनवर रीस्टार्ट द्यायचा असेल तर त्या मशीनचं पूर्ण नाव हाताने टाइप करावं लागतं. नुसतं "येस" चालत नाही, कारण येस दाबायला डोकं लागत नाही. तिसरी, अलर्टच्या पहिल्या ओळीत कुठल्या मशीनवर आणि पहिलं पाऊल काय, हे लिहिलेलं असतं. पिवळ्या सिग्नलसारखं. चौथी, सकाळपर्यंत थांबू शकतं असं काहीही रात्री वाजत नाही.

आणि पाचवी माझी एकट्याची. मी पुकारतो. रात्री खोलीत एकटा, स्क्रीनवर बोट ठेवून, "प्रत आहे, मुख्य नाही, रीस्टार्ट." माझ्या रूममेटला आधी वाटलं मी झोपेत बडबडतोय.

तुम्ही ऑन-कॉल नसाल तरी हे तुमच्या खिशातलंच आहे. २०२२ मध्ये कित्येकांना मेसेज आले होते, आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. तो मेसेज म्हणजे शुद्ध भोंगा होता. फसवणाऱ्याला तुम्हाला काही पटवून द्यायचं नसतं. तुमचा हात आधी पळावा एवढंच त्याला हवं असतं. अशा वेळी मोठ्याने स्वतःला विचारा, "मी आता काय करतोय?" उत्तर "पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकतोय" असं आलं, तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. तोंडाने बोललात की हे तुमचं तुम्हालाच ऐकू येतं.

आणि आज रात्री एक काम करा. फोनच्या सेटिंगमध्ये जा. जेवणाची ऑफर, ग्रुपवरचं गुड मॉर्निंग आणि घरून आलेला फोन, या सगळ्यांचा आवाज एकच आहे का ते बघा. असेल तर घरच्या फोनला वेगळा आवाज द्या. बाकीच्यांना गप्प बसवा.

आमच्या रिपोर्टमधलं ते "मानवी चूक" मी नंतर खोडलं. तिथे आता लिहिलंय: दोन सारख्या खिडक्या, एक भोंगा, आणि मध्ये थांबायला जागा नाही. खाली माझं नाव आहेच. एंटर मीच मारला होता.

पप्पांना हा भाग पाठवणार आहे. ते पूर्ण ऐकतील आणि मग फोन करून सांगतील की होम सिग्नल मी नीट पुकारला नाही. तुम्हीही ऐकून कळवा, तुमच्या कामात असा कुठला आवाज आहे ज्याला हात आधी उत्तर देतो. नर्स असाल, बस चालवत असाल, कारखान्यात असाल, तर नक्की सांगा. व्हॉइस नोट चालेल.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.